पाचवा रकाना

मित्रांनो, नळाला पाणी येत असते तोवर गच्चीवरची टाकी कुणाला आठवत नाही. माझेही तसेच आहे. मी एक जुना सर्व्हर आहे आणि एका छापखान्यात, जिन्याखालच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर बसलेला असतो. अंगाने म्हणाल तर चपटी काळी पेटी. पुढे दोन हिरवे दिवे आणि पाठीशी एक पंखा, जो दमेकऱ्यासारखा घरघरतो.

माझे काम ऐकायला सोपे आहे. एका बाजूने लोक माझ्याकडे फायली ठेवतात, दुसऱ्या बाजूने लोक त्या उचलतात. मधला हमाल मी. पण नुसता हमाल असतो तर तुमचा वेळ घेतला नसता. मी दारवानही आहे आणि कारकूनही. कोण आत आले, काय ठेवले, काय पुसले, हे मी लिहून ठेवतो. माझ्या नोंदीत पाच रकाने असतात: तारीख, वेळ, कुणाच्या खात्यावरून, कोणती फाईल, आणि शेवटी कोणत्या टेबलावरच्या यंत्रावरून. माझी सगळी कर्मकथा या पाचव्या रकान्यात आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखे दोनशे भाऊ त्या दिवशी एकाच पट्ट्यावरून उतरले. कुणी कुणाला नाव ठेवले नाही, फक्त अंगावर क्रमांक चिकटवला. नावे ठेवणारे पुढे भरपूर भेटले.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा एक कागद असतो ना, जो तुम्ही न वाचता फेकता? या छापखान्यात तो छापतात. मी आलो तेव्हा मालकांनी स्वतः येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आता कागदपत्र हरवायचे दिवस संपले, असे सगळ्यांना सांगितले. कागद हरवले नाहीत हे खरे. पुढे जे हरवले ते कागद नव्हते.

माझी देखभाल एका बाईंकडे आली. सगळ्यांच्या चाव्या तिच्या हातात, म्हणून लोक तिला किल्लेदारीण म्हणत. तोंडावर अर्थात ताई. माझी आणि तिची ओळख इतकी जुनी की मी तिला अहो-जाहो करत नाही. पहिली चार वर्षे तिने जे काम केले, त्याला तोड नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते आणि त्याची एक चावी, म्हणजे गुपित शब्द. कागदाची पाने जुळवणाऱ्या मांडणीवाल्यांनी फायली ‘मांडणी’च्या कप्प्यात ठेवायच्या. यंत्रावरच्या लोकांनी ‘छपाई’च्या कप्प्यातून फक्त उचलायच्या, तिथे काही ठेवायचे नाही. आणि त्या छपाईच्या कप्प्यात फाईल ठेवण्याचा हक्क साऱ्या इमारतीत एकाच माणसाला होता.

तो माणूस म्हणजे भिंगकाका. वय साठीला टेकलेले, खिशात कायम एक जाड भिंग. प्रत्येक कागद ते तीनदा वाचत. एकदा अर्थासाठी, एकदा आकड्यांसाठी, आणि एकदा खालून वर, शब्दन् शब्द सुटा करून, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. लोक चेष्टा करत की काका घरी वाणसामानाची यादीही खालून वर वाचतात. काका म्हणत, वाचतो, म्हणून तर डाळ दोनदा येत नाही.

किल्लेदारीण दिवसभर तिच्या पडद्यावर माझी हजेरी पाहत बसे. आत्ता कोण आत आहे, कुठून आले आहे, काय नेत आहे. पंधरा मिनिटे कुणी दार उघडून नुसताच बसला की ती त्याला बाहेर काढी आणि वर चारचौघांत विचारी, की कटाईवाले, घरचं दार पण असंच सताड टाकून जेवायला बसता का? नोकरी सोडून जाणाऱ्याचे खाते तर ती निरोपाचा चहा निवायच्या आत बंद करी. लोकांना राग येई. मला मात्र फार अभिमान वाटे. बाहेरून आलेल्या एका तपासनिसाने माझ्या नोंदी पाहून, असं स्वच्छ काम फार दिवसांनी बघतोय, असे म्हटले तेव्हा माझा पंखासुद्धा दोन मिनिटे न घरघरता चालला.

मग मालकांचे जावई व्यवस्थापक म्हणून आले.

जावई म्हणजे दहावा ग्रह असे म्हणतात. उरलेले नऊ निदान आपापल्या कक्षेत फिरतात. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की जावईबापू. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला लोक सांभाळून असतात, त्यामुळे त्याच्याकडून नुकसान कमी होते. जावईबापूंना फक्त आपल्यावाचून काही हलू नये असे वाटे. त्यांनी पहिल्या महिन्यात नियम काढला की नवे खाते हवे तर अर्ज करायचा आणि त्यावर तीन सह्या हव्यात. विभागप्रमुखांची, किल्लेदारणीची आणि त्यांची स्वतःची. पहिल्या दोन सह्या अर्ध्या तासात होत. तिसरीसाठी अर्ज त्यांच्या टेबलावर, काचेच्या वजनाखाली जाऊन बसे. आधी तीन अर्ज बसले, मग सात, मग अकरा. वजन बिचारे कलंडायला आले.

त्या अकरांत एक अर्ज मांडणी विभागातल्या नव्या बाईंचा होता. मुले मोठी झाल्यावर त्या पुन्हा नोकरीला लागल्या होत्या. अजून कायम व्हायच्या होत्या. एक महिना त्या चावीवाचून बसून राहिल्या. एक फाईल हवी तर उठून दुसऱ्याच्या टेबलापाशी उभे राहायचे. बाजूचे लोक म्हणत, बाईंचं बरं आहे, पगारी फेरफटका. त्या हसत, पण डब्यातले अर्धे तसेच परत नेत.

भिंगकाकांनी ते पाहिले. त्यांनी एका चिठोऱ्यावर आपली चावी लिहून त्यांच्या हातात दिली आणि सांगितले, की काम अडवून ठेवू नका, माझ्या खात्यावरून जा, काम झालं की बाहेर पडा. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी, तितक्या सहज.

साखर वाटीने जाते आणि मग डब्याने जाते. आठवड्याभरात चिठोऱ्याच्या चार प्रती झाल्या. ज्यांची खाती होती तेही काकांच्या खात्यावरून येऊ लागले, कारण त्या खात्याला सगळे कप्पे उघडत. काकांची चावी म्हणजे त्यांच्या दिवंगत पत्नीचे घरातले लाडके नाव आणि शेवटी एक आकडा. गेली चार वर्षे रोज सकाळी ते नाव ते मला एकट्याला सांगत. आता एक जण दालनाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून विचारू लागला, की अहो, ते शेवटी एक आहे की दोन? पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा काकांनी भिंग खाली ठेवले. पण चावी बदलली नाही. बदलली असती तर अकरा जणांचे काम थांबले असते.

इथे मी माझ्या नोंदीचा एक नमुना देतो. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता भिंगकाका एकाच वेळी नऊ टेबलांवर बसले होते. त्यांपैकी कटाईच्या टेबलावर ते नुसतेच बसून होते, दोन टेबलांवर एकच फाईल उचलत होते आणि या नवांबाहेरच्या, खुद्द त्यांच्या टेबलावर मात्र दार बंद होते, कारण ते खरोखर वाचत होते.

किल्लेदारणीने हे पाहिले नाही असे नाही. पहिल्याच आठवड्यात ती जावईबापूंकडे गेली. एका नावावर नऊ माणसं आत आहेत, उद्या काही झालं तर कुणी केलं ते सांगता यायचं नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. अकरा सह्या केल्यात तर आजच्या आज सगळं मार्गी लावते, असेही म्हणाली. जावईबापूंनी हसून विचारले, की काम चाललंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला? ती परत आली. त्या दिवशी तिने माझ्या हजेरीची खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात सरकवली. पुढच्या महिन्यात ती लहान केली. त्याच्या पुढच्या महिन्यात ती खिडकी उघडलीच नाही. माझ्या अंगावर धूळ बसली ती नंतर. माझ्याकडे पाहणे आधी थांबले.

आता मुख्य गोष्ट. लहान मुलांच्या खोकल्याचे एक औषध होते. कंपनीने ते चौपट तीव्र केले आणि डोस दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर आणला. कागद नव्याने जुळवला गेला. भिंगकाकांनी तो तीनदा वाचला आणि गुरुवारी दुपारी छपाईच्या कप्प्यात ठेवला. शुक्रवारपासून ते डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले.

सोमवारी जावईबापूंना त्या कप्प्यात एक चित्र ठेवायचे होते, फक्त एक. त्यांच्या स्वतःच्या खात्याला पाहण्याचा हक्क होता, ठेवण्याचा नव्हता. किल्लेदारणीने चांगल्या दिवसांत केलेला हा नियम त्यांना पहिल्यापासून टोचत होता. पण आता चिठोरे त्यांच्याही खणात होते. ते काकांच्या नावाने आत आले. ते एक चित्र निवडण्याऐवजी त्यांनी आपल्या यंत्रावरची जुनी प्रत, अख्खा कप्पाच, उचलून माझ्याकडे टाकला. पडद्यावर प्रश्न उमटला, की या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? त्यांनी ‘हो’ म्हटले. पुन्हा प्रश्न. पुन्हा ‘हो’. फायली बेचाळीस होत्या. चौथ्या प्रश्नाला ते कंटाळले आणि ‘सगळ्यांना हो’ दाबून फोनवर बोलू लागले.

बेचाळिसांतला एक कागद खोकल्याच्या औषधाचा होता, दोन चमचेवाला.

मी लिहिले: सोमवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटे, भिंगकाकांचे खाते, अमुक फाईल बदलली, यंत्र क्रमांक एक. यंत्र क्रमांक एक व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये आहे. तिथे दुसरे यंत्र नाही.

त्याच दुपारी चाळीस हजार कागद छापून झाले. ते औषध कंपनीत पोचले आणि तिथे पट्ट्यावर खोकी भरणाऱ्या एका बाईच्या लक्षात आले, की खोक्यावर अर्धा चमचा आणि आतल्या कागदावर दोन चमचे. तिने पट्टा थांबवला, म्हणून एकाही मुलाच्या पोटात चौपट औषध गेले नाही. त्या बाईची नोंद कुठेच नाही. मी तिला ओळखत नाही, पण रोज आठवतो.

चौकशी मालकांच्या खोलीत झाली. माझ्या खोलीत आणि त्यांच्या खोलीत फक्त प्लायवूडची भिंत आहे. मालकांनी किल्लेदारणीकडे त्या दिवसाची नोंद मागितली होती. तिने ती काढली, पाचही रकान्यांसकट. यंत्राचा क्रमांक तिने पाहिला. माझ्यासमोरच पाहिला आणि बराच वेळ कागद हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात जावईबापू आले. त्यांनीही कागद पाहिला. ते चिडले नाहीत की घाबरले नाहीत. मालकांची नजर आता अधू झालीय, असे ते मायेने म्हणाले.

“अक्षर मोठं करा जरा. पाच रकाने एका कागदावर बसायचे नाहीत. चार पुरे आहेत.”

किल्लेदारीण काही बोलली नाही. बोलली असती तर पुढचा प्रश्न तिलाच आला असता, की एका खात्यावर अकरा माणसे इतके महिने आत येत होती, तेव्हा ताई, तुम्ही कुठे होतात? तिने चार रकान्यांचा कागद काढला. अक्षर खरोखरच मोठे आणि सुबक आले होते.

कागद आत गेला आणि त्यावर काकांचे नाव ठळक दिसले. काका एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले होते. आपण त्या दिवशी दवाखान्यात होतो, हवी तर चिठ्ठी देतो, असे त्यांनी सांगितले. मालकांनाही हायसे वाटले असावे, कारण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. पण जावईबापूंनी शांतपणे विचारले, की काका, तुम्ही दवाखान्यात होतात, तर मग तुमच्या नावाने आत कोण होतं? चावी कुणाला दिली नाही ना? कुणालाही देणार नाही म्हणून तुम्हीच सही केलीय.

पाहा, कसा पेच आहे. फाईल बदलली म्हणावे तर गुन्हा, चावी दिली म्हणावे तरी गुन्हा. आणि पेच टाकणाऱ्याच्या खणात तीच चावी.

मालक म्हणाले, “कुणाकुणाला दिलीत, नावं सांगा. तुमच्यावर येऊ देत नाही मी.”

नव्या बाई पुढच्या महिन्यात कायम होणार होत्या, हे काकांना ठाऊक होते. नाव सांगायचे तर सुरुवात त्यांच्यापासून झाली असती.

“दिली ती मी दिली,” ते म्हणाले. “घेणाऱ्यांनी काही चोरून घेतलेली नाही. त्यांची नावं माझ्याच्यानं घेववणार नाहीत.”

त्याच वेळी माझ्या खोलीत नव्या बाई किल्लेदारणीसमोर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी आत जाते आणि सांगते. किल्लेदारणीने मान वर न करता विचारले, “तुमचा कायमचा कागद कधी निघायचाय?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग?”

तेवढेच बोलणे झाले. नव्या बाई दाराची कडी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग आपल्या टेबलाकडे गेल्या. बाकीचे दहा तर जागेवरून उठलेही नाहीत. त्यांतल्या एकाने त्या अवधीत काकांच्याच खात्यावरून तीन फायली उचलल्या. वेळ माझ्याकडे आहे.

भिंतीच्या या बाजूला किल्लेदारीण आहे, तिला बोलवा, पूर्ण नोंद मागा, असे मी ओरडून सांगायला हवे होते. पण मला तोंड नाही. मला विचारले तेवढेच मी सांगतो. चार रकाने मागितले, चार दिले. तेव्हापासून मी किल्लेदारणीला नावे ठेवणे सोडले आहे. तिने केले ते मी जन्मापासून करत आलो आहे.

काकांनी ‘स्वतःहून’ नोकरी सोडली. निरोपाचा चहा झाला नाही. भिंग तेवढे खिशात घालून गेले. त्यांचे खाते त्याच संध्याकाळी पाच वाजता बंद करण्याचा लेखी आदेश निघाला. त्यावर तिसरी सही विलंब न लावता झाली होती. किल्लेदारणीने खाते बंद केले. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे नीट पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून माझ्या दारावर धडका सुरू झाल्या. एका टेबलावरून, मग चारांवरून, मग सगळीकडून. प्रत्येकाला मी एकच उत्तर देत होतो, की हे खाते अस्तित्वात नाही. छपाईच्या कप्प्यात नवे काही ठेवायला कुणाकडे हक्कच उरला नव्हता. थोड्याच वेळात छपाईयंत्र थांबले. यंत्र थांबले की इमारतीत अशी शांतता पसरते की मालक जिथे असतील तिथून उठून येतात. ते दालनाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

त्यांच्याकडे पाठ करून जावईबापू केबिनमधून बाहेर आले. मालक आलेत हे त्यांना दिसले नाही.

“ताई, काकांचं खातं बंद केलंत की काय? माझ्याकडेही उघडत नाहीये.”

दालनातल्या एकाही खुर्चीचा आवाज झाला नाही. जावईबापूंनी वळून पाहिले आणि सासऱ्यांकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला.

मालक सावकाश किल्लेदारणीच्या टेबलापाशी आले. त्यांनी विचारले, की चौकशीत तुम्ही कागद दिलात, त्यात आणखी काही रकाना असतो का? ती म्हणाली, असतो. काय असतं त्यात? ती म्हणाली, यंत्राचा क्रमांक.

मित्रांनो, त्या क्षणी मी माझ्या आयुष्यात प्रथमच तयार होऊन बसलो होतो. ती ओळ माझ्या जिभेवर होती, असे म्हणा. आता फक्त एक प्रश्न उरला होता. कोणता क्रमांक? दोन शब्द. मालकांनी जावयाकडे पाहिले. मग भिंतीवरच्या चौकटीतल्या, नातवंडांना कडेवर घेतलेल्या आपल्या मुलीकडे पाहिले. मग थांबलेल्या यंत्राकडे.

“छपाई किती वेळ बंद आहे?”

“चाळीस मिनिटं,” कुणीतरी म्हणाले.

“उघडा ते खातं.”

किल्लेदारणीने खाते उघडले. चावी तीच ठेवा, सगळ्यांना पाठ आहे, असे जावईबापूंनी सुचवले, आणि तेही झाले. माणूस नको होता, खाते हवे होते. भिंगकाकांना परत कुणी बोलावले नाही. औषधाचे कागद छापणारे छापखाने मोजकेच असतात आणि बातमी त्यांच्यात कागदाआधी पोचते. मुलांचा डोस चुकवणारा म्हणून त्यांना कुठेच काम मिळाले नाही, असे यंत्रावरचे लोक जेवताना बोलतात आणि मग वरण गार झाल्याची तक्रार करतात. त्यांचा डोळा मात्र छान बरा झाला म्हणे. आता सगळे स्वच्छ दिसते, फक्त वाचायला काही उरलेले नाही.

तर मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा अशी विनंती मी करणार नाही. धुळीने माझे फारसे बिघडत नाही. दया आली म्हणून स्वतःची चावी कुणाला देऊ नका, त्यापेक्षा त्याला त्याची चावी मिळेपर्यंत भांडा. काकांनी भांडायला हवे होते, ते भांडले नाहीत. एवढी एक चूक त्यांच्या नावावर खरी आहे. कुणी निघून गेला की त्याचे नाव त्याच्याबरोबर जाऊ द्या. आणि माझ्यासारख्या मुक्या कारकुनाकडून कधी कागद मागितलात, तर अक्षर बारीक आले तरी चालेल, पण सगळे रकाने मागा.

माझ्याकडे नोंदी एक वर्षच राहतात. जागा कमी पडते, म्हणून जुनी ओळ आपोआप पुसली जाते आणि तिच्या जागी नवी येते. त्यासाठी मला कुणी विचारत नाही. सोमवार, अकरा बेचाळीस, यंत्र क्रमांक एक. ती ओळ अजून आहे. तिला येत्या सोमवारी वर्ष होते.

आज शुक्रवार आहे.